मागचा पाय आडवा

सप्टेंबर संपत आला की दोह्यात हवा ओली होते. ढग नसतात, पाऊस तर नसतोच, पण गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि पुढचं काही दिसेनासं होतं. अशा दिवसांत आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर लोकरीच्या टोप्या, मफलर आणि माझं गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट पडलेलं असायचं. पेट्रोल पंपावरचे केरळचे काका दर वर्षी काचेतून ते बघायचे आणि हिंदीत विचारायचे, मॅडम, कुठल्या थंड देशात निघालात? मी सांगायची, कुठं नाही हो, मॉलमध्ये.

बाहेर अंगाची काहिली आणि आत बर्फ, असा आमचा हॉकीचा हंगाम सुरू व्हायचा. मॉलमध्ये तळमजल्यावर एक रिंक आहे, म्हणजे बर्फाचं मैदान, भोवती कमरेएवढी भिंत आणि भिंतीवर काच. वरच्या मजल्यावर फूड कोर्ट. खाली पोरं बर्फावर धडपडताहेत आणि वर लोक कठड्याला टेकून शावरमा खाताहेत. त्या कठड्याशी कोपऱ्यातलं एक टेबल माझं. कॉफी घ्यायची, जाकीट गळ्यापर्यंत ओढायचं आणि खाली कॉलेजच्या पोरांवर ओरडणारा नवरा बघत बसायचं. लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याचं नाव विलास. पण कॉलेजात सगळे त्यांना कोच म्हणतात आणि मीही म्हणू लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीनं.

यंदाही हवा ओली झाली. मागची सीट मात्र रिकामी आहे. अबू हमूरच्या आमच्या घराला गच्चीचा एक तुकडा आहे, तिथल्या दोरीवर हंगामभर हॉकीचे हातमोजे आणि पॅड वाळत असायचे. त्या वासाबद्दल सभ्य शब्दांत लिहिणं अवघड आहे. शेजारच्या गोव्याच्या बाईंनी एकदा फार जपून विचारलं होतं, की तुम्ही सुकट कुठून आणता. आता दोरीवर फक्त टॉवेल असतात. इतकी वर्षं ज्या वासाच्या नावानं खडे फोडले, तो नाही म्हणून मला गच्चीत करमत नाही. माणसाचं काही खरं नाही.

कोच मूळचे कोल्हापूरचे. शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर, पायाला चाकांचे स्केट बांधून ते हॉकी खेळले आणि बऱ्यापैकी नाव कमावलं. पुढं बी.पी.एड. करून दोह्यातल्या एका भारतीय शाळेत पीटीचे सर म्हणून आले आणि नंतर एका कॉलेजच्या क्रीडा विभागात लागले. तिथल्या काही पोरांना बर्फावरची हॉकी खेळायची हौस होती. त्यात कतारी होते, लेबनानी होते, आपल्याकडचेही होते. कॉलेज म्हणालं, कोच असेल तरच संघ. पोरं विचारत विचारत यांच्या टेबलापाशी आली. सर, स्केटवरची हॉकी येते का? यांनी सांगितलं, येते की. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त तोवर यांनी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात.

चाकांच्या स्केटवर थांबायचं तर मागचा पाय आडवा टाकायचा आणि घासत न्यायचा. पाय काटकोनात, गुडघा सैल, वजन पुढच्या पायावर. हळूहळू वेग मरतो आणि माणूस थांबतो. कोल्हापूरच्या सरांनी यांना हेच शिकवलं होतं, यांनी बर्फावर पोरांना हेच शिकवलं. बर्फावर हॉकी खेळणारे खरं तर असे थांबत नाहीत. ते दोन्ही पाय एका झटक्यात आडवे फिरवतात, पात्याखालून बर्फाचा भुगा उडतो आणि खेळाडू जागच्या जागी उभा राहतो. आमची पोरं पाय घासत घासत पार पलीकडे जायची, तोवर समोरचा थांबून, वळून, गोल करून मोकळा झालेला असायचा. व्हिडिओत भुगा उडवणारे खेळाडू दिसले की कोच सांगायचे, ते शायनिंग आहे, आपण कामाचं तेवढं बघू. पोरांचा कोचवर विश्वास होता. बरीच वर्षं आमच्या संघानं शायनिंग केली नाही.

पात्यांना धार लावायची तीही एक कथाच. सुरुवातीला कोचनी सगळ्यांचे स्केट इंडस्ट्रियल एरियातल्या एका लातूरकर मित्राकडे नेले. त्याचं ग्राइंडरचं काम, हात सफाईदार. त्यानं मन लावून प्रत्येक पातं एका बाजूनं कोयत्यासारखं परजून दिलं. स्केटच्या पात्याला मधे खोलगट घळ आणि दोन्ही कडांना धार लागते, हे ना त्याला ठाऊक ना यांना. त्या आठवड्यात अख्खा संघ एकाच बाजूला वळत होता. मी वरून बघत होते आणि मला वाटलं, काहीतरी नवीन डावपेच दिसतोय.

हसू येतं आता. पण या सगळ्यातून एक संघ उभा राहिला होता, हेही खरं. मध्यंतरात इतर संघ रंगीत बाटल्यांतलं काहीबाही प्यायचे, आमच्याकडे गूळ-शेंगदाण्यांचा डबा फिरायचा. तो मीच भरायची. नासेर, आमचा कतारी कप्तान, उम्म सलाल मोहम्मदहून घरच्या शेतातले खजूर आणायचा आणि गुळाशी त्यांची अदलाबदल करायचा. उंच, देखणा, बोलायला कमी. "यल्ला कोच," एवढंच म्हणून सगळ्यांना उठवायचा.

आखातात राहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठाऊक असते, की आपण जाणार आहोत. कधी ते माहीत नसतं. भिंतीला खिळा मारतानासुद्धा हात जरा बिचकतो. अल वक्र्याला माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती, समुद्रावर फिरायला आम्ही बरोबर जायचो. नवऱ्याचं काम संपलं आणि ती गेली. पुढं एकदा त्या रस्त्यानं जाताना बघितलं, तर तिच्या खिडकीत दुसऱ्याच कुणाचे पडदे. ऑफिसातही तेच. माणूस निघाला की केक कापतात, नाव कोरलेली पाटी देतात, फोटो काढतात, आणि थोड्याच दिवसांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसून त्याच कॉम्प्युटरवर काम करत असतं. यात कुणाची चूक नसते. इथली रीतच तशी आहे आणि आपण ती मान्य करून आलेलो असतो.

रिंकवर प्रत्येक खेळानंतर एक मशीन फिरतं. ते बर्फाचा वरचा थर खरवडतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ हात देत जातं. पात्यांनी ओढलेल्या सगळ्या रेघा जातात, बर्फ पुन्हा कोरा होतो. मला ते बघायला फार आवडायचं. पोरंटोरंही वरच्या कठड्याला नाकं चिकटवून बघायची. मागच्या हंगामात मात्र एके दिवशी ते मशीन सुरू झालं आणि मी मान फिरवली.

कारण मागच्या सप्टेंबरात कोच घरी आले आणि कुणी न सांगता भांडी घासायला लागले. ते भांडी घासायला लागले की समजायचं, काहीतरी झालंय. थोड्या वेळानं कढईवर हात ठेवून त्यांनी सांगितलं. कॉलेज पुढच्या वर्षीपासून आखातातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत उतरणार होतं आणि त्यासाठी कॅनडाचा एक तरुण, रीतसर शिकलेला कोच ठरला होता. नाव डेव्हिड. हा एक हंगाम यांचा, त्यानंतर यांनी क्रिकेट आणि जिम बघायची. नोकरी राहणार होती, घर राहणार होतं. फक्त हॉकी जाणार होती. साहेबांनी अगदी गोड शब्दांत, चहा पाजून सांगितलं होतं.

मी भडकले. शून्यातून संघ कुणी उभा केला, पोरांना सकाळी उठवून कोण न्यायचं, त्या घाणेरड्या पॅडचा वास कुणी सोसला, सगळं बोलून घेतलं. ते ऐकत होते. मग कढई पालथी घालत म्हणाले, "बरोबरच आहे की त्यांचं. मला स्वतःला बर्फावर थांबता येत नाही. पोरांना कुठनं शिकवू?"

त्यांना ते आधीच कळलं होतं. लीन नावाची एक लेबनानी मुलगी आदल्या वर्षी संघात आली होती, कॅनडात वाढलेली. पहिल्याच दिवशी ती वाऱ्यासारखी आली, भुगा उडवून जागच्या जागी थांबली, आणि अख्खा संघ तिच्याकडे बघत राहिला. कोच काही बोलले नाहीत. ती बिचारी समजली, की इथल्या कोचची काहीतरी खास पद्धत असणार, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं पाय घासायला लागली. ते पाहून यांना जे समजायचं ते समजलं होतं. वर्षभर त्यांनी ते मनात ठेवलं.

त्या दिवशी ओट्याशी उभे राहून त्यांनी मला खरं दुखणं सांगितलं. ते म्हणाले, नवा माणूस येईल, माझं शिकवलेलं पुसेल आणि नव्यानं शिकवेल. आणि त्याचंच बरोबर असेल. मग एवढी वर्षं मी केलं ते नेमकं काय? मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागले.

पुढच्या सरावाला त्यांनी पोरांना मधोमध गोळा केलं. मी वर होते, शब्द ऐकू आले नाहीत, नंतर कळले. त्यांनी सांगितलं, की मी तुम्हाला थांबायला शिकवलं ते चाकांचं होतं, बर्फाचं नव्हतं. माझं चुकलं. आजपासून लीन शिकवेल. आणि मग मी वरून पाहिलं ते असं, की लीन पुढं उभी, पोरं एका रांगेत, आणि रांगेच्या शेवटी शिट्टी गळ्यात अडकवलेले कोच.

ते पडले. चांगले आडवे पडले. नासेर धावत आला, त्याच्या घरी वडीलधारा माणूस जमिनीवर आहे आणि तरणी पोरं उभी आहेत असं चालत नाही. कोचनी हात वर करून त्याला थांबवलं, स्वतः उठले आणि परत रांगेच्या शेवटी गेले. परत पडले. नासेर तोवर आपला नंबर टाळत होता. त्या मुलाला कशाची भीती नव्हती, पण वर फूड कोर्टात त्याचे नातेवाईक, ओळखीचे, कुणी ना कुणी बसलेलं असायचं आणि त्यांच्यासमोर पडायची त्याला लाज होती. कोच तिसऱ्यांदा पडल्यावर त्याला मागं राहता येईना. तो गेला आणि असा आपटला, की माझ्या शेजारच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले. कोचनी आपली काठी बर्फावर टकटक वाजवली. या खेळात टाळ्या वाजवत नाहीत, काठी बर्फावर आपटतात. मग सगळ्यांनीच आपटल्या. त्या हंगामात कुणीही पडलं की कोच काठी वाजवायचे, आणि कोच पडले की पोरं.

शुक्रवारी सकाळी ते एकटे सरावाला जायचे, म्हणजे मला घेऊन. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं. आमच्या भागात त्या वेळी तिकडं निघालेल्या गाड्यांची रांग असते, त्यातून वाट काढत आम्ही मॉल गाठायचो. शुक्रवारी रिंक सगळ्यांना खुली. प्लॅस्टिकचे पेंग्विन ढकलत स्केटिंग शिकणारी चिल्लीपिल्ली आणि त्यांच्यामध्ये पन्नाशीचा हा गडी, माकडहाड धरून. घरी आल्यावर मी बाम चोळायची. पुण्याला शिकणारी आमची सानिका व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बापाला दटावायची, की या वयात हाडं मोडली तर जुळणार नाहीत. ते मराठीत उत्तर द्यायचे, की तू जेवलीस का ते सांग. बापलेकीचं असंच चालतं, दोन भाषांत.

आणि मग अशाच एका शुक्रवारी ते आले, दोन्ही पाय फिरवले आणि थांबले. भुगा उडाला तो चिमूटभर, एखाद्या पेंग्विनवर पडला असेल नसेल. त्यांनी मान वर करून मला शोधलं. लग्नात हार घालतानाही त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

डिसेंबरात परीक्षांच्या तोंडावर शेवटचा सामना आला. पोरांचे डोळे अभ्यासानं तारवटलेले, दोघंतिघं तर बाकावर बसूनही नोट्स वाचत होती. बाहेर हवा इतकी छान, की लोक सगळे समुद्रावर, आणि मॉल रिकामा. समोर इथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या गोऱ्यांचा संघ होता, बर्फावरच मोठे झालेले लोक. दर वर्षी ते आमच्यावर गोलांची रास घालून जायचे. त्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावर एक लाल दाढीचा तरुण येऊन बसला. हा डेव्हिड, घर वगैरे बघायला आठवडाभर आला होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी त्याच्याकडे जरा रागानंच बघत होते.

आमची पोरं थांबत होती. काळी रबरी चकती घेऊन धावत यायची, भुगा उडवून थांबायची, वळायची. गोरे चक्रावले. नासेर तर असा थांबत होता, की जन्मभर दुसरं काही केलंच नाही. डेव्हिड सहज माझ्याकडे वळून म्हणाला, की वाळवंटात शिकलेल्या पोरांचं थांबणं फारच चांगलं आहे, कुणी शिकवलं असेल. मी इंग्रजीत, जरा ताठ होऊन सांगितलं, की त्यांच्या कोचनं.

एका गोलनं हरलो. इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. दोन्ही संघांनी रांगेत हात मिळवले, काठ्या वाजल्या. कोच बाकापाशी उभे राहून पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते, हंगामाचा शेवट असला तरी बाटल्या मोजून घ्यायचीच त्यांची सवय. तेवढ्यात नासेरनं काहीतरी म्हटलं आणि सगळी पोरं रिंकच्या पार पलीकडच्या टोकाला गेली. मला वाटलं, फोटो असेल.

तिथून ती सगळी एकदम निघाली, बाकाच्या दिशेनं, पूर्ण वेगात. आणि मधल्या रेषेवर आल्यावर सगळ्यांनी मागचा पाय आडवा टाकला. पाय काटकोनात, गुडघा सैल, वजन पुढच्या पायावर. घासत, खरखरत, अगदी सावकाश. जुनी, चुकीची, सिमेंटवरची पद्धत. लीनही त्यात होती. काही पोरं एकमेकांवर आदळली, काही भिंतीला जाऊन धडकली, पण पाय कुणी उचलला नाही. सगळी कोचसमोर येऊन थांबली आणि काठ्या वाजवायला लागली.

कोच हातात बाटल्या धरून तसेच उभे राहिले. डेव्हिडनं मला विचारलं, ते काय करताहेत? मी रडत होते.

घरी जाताना कोच सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "सगळ्यांच्या पात्यांची धार गेली असणार. खलास." आणि मग तेही रडले. हिरवा दिवा लागला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी आमची गाडी जरा वेळ तिथंच होती.

परवा डेव्हिडचा फोन आला. नव्या हंगामाचा पहिला सराव आहे, दोघं या. कोच आधी नको नको म्हणाले. क्रिकेटचं वेळापत्रक करायचंय, जिममधलं एक मशीन बिघडलंय, अशी कारणं सांगून झाली. शेवटी मी जाकिटं काढून मागच्या सीटवर टाकली, तेव्हा आले.

आम्ही माझ्या टेबलावर बसलो. कोच तिथं पहिल्यांदाच बसत होते. वरून रिंक फारच लहान दिसते म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांना वरूनच बघत आले, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं असावं. नासेर शिकून बाहेर पडलाय, कप्तान आता लीन आहे. बाकीचे बरेच चेहरे नवे, यांनी न शिकवलेले. डेव्हिड चांगला शिकवतो. कोच एकेक गोष्ट बघून मान हलवत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते, की त्यांना कुठं लागतंय का. शावरमा हातात तसाच होता.

शेवटची शिट्टी झाली. पोरं पलीकडच्या टोकाला गेली, आणि निघाली, आणि मधल्या रेषेवर सगळ्यांनी मागचा पाय आडवा टाकला. जुन्यांनी टाकला तसा नव्यांनीही. डेव्हिड भिंतीपाशी उभा राहून काठी वाजवत होता. म्हणजे ही आता इथली रीत झाली होती. त्या नव्या पोरांना कोल्हापूर माहीत नव्हतं, सिमेंटचं मैदान माहीत नव्हतं, यांचं नावही माहीत नसणार. सराव असा संपवायचा, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलेलं. माझ्या अंगावर काटा आला. मी कोचकडे वळले.

त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. ते एका नव्या मुलीकडे बघत होते. तिचा मागचा पाय भलतीकडे गेला, ती मागं झुकली आणि भिंतीला जाऊन आपटली.

"काटकोन कुठाय तिचा?" ते म्हणाले. "वजन सगळं मागच्या पायावर. असं कुणी शिकवलंय हिला?"

मी काही म्हणायच्या आत शावरमा टेबलावर होता आणि ते सरकत्या जिन्यावर होते, जाकीट न घेताच. मी ते उचलून कठड्याशी गेले. खाली काचेच्या अलीकडे उभे राहून त्यांनी बोटांनी काच वाजवली, ती मुलगी वळली. आणि मॉलच्या गुळगुळीत फरशीवर, चपला घातलेल्या पायांनी, कोच तिला मागचा पाय आडवा करून दाखवायला लागले.